घरातल्या डक्टेबल एसीचा वारा: सीलिंगचा बोर्ड बंद होण्याआधी काय लावायचं, काय मोजायचं, काय सेट करायचं

डक्टेबल एसी म्हणजे सीलिंगवर लपलेलं एकच युनिट, जे डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळांतून, खोल्याखोल्यांत वारा नेतं. तो बसवलेल्या घरांतल्या तक्रारी ठरलेल्या असतात. हॉल गारठतो, मागची बेडरूम कोमट राहते. ग्रिलमधून शिट्टी येते. पावसाळ्यात पीओपीवर पिवळे डाग उमटतात. मग फिटर येतो, गेज लावतो आणि ‘गॅस कमी आहे’ म्हणतो. गॅस भरून होतो, बिल भरून होतं, बेडरूम तशीच राहते. कारण अडचण गॅसची नसतेच; कॉइलवरून (आतल्या गार होणाऱ्या नळ्यांवरून) जायला हवा तेवढा वाराच जात नसतो. आणि तो का जात नाही हे बघायची सोय उरलेली नसते, कारण वर रंगकाम झालेलं सीलिंग असतं.

म्हणून या लेखात भर क्रमावर आहे. उदाहरणाला ३ बीएचके फ्लॅट घेऊ: पॅसेजच्या फॉल्स सीलिंगवर ३ टनांचं इनडोअर युनिट, त्यातून हॉल-डायनिंग आणि दोन बेडरूम. तांब्याचे पाइप, व्हॅक्यूम, गॅस चार्जिंग हे काम कंपनीच्या माणसाचं. ते इथे नाही. इथे फक्त वारा.

## टप्पा १: कागदावर वाऱ्याची वाटणी

वारा मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट. नेहमीचा हिशोब टनाला ४०० सीएफएम. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट पट्ट्यात ३५० पर्यंत खाली यायला हरकत नाही. वारा थोडा हळू गेला की कॉइल जास्त गार राहते आणि दमटपणा जास्त ओढून घेते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ४०० किंवा किंचित वर ठेवा.

आपल्या ३ टनांना ४०० ने १२०० सीएफएम. वाटणी खोलीच्या चौरस फुटांवर करू नका, तिथेच पहिली चूक होते. पश्चिमेची मोठी काच असलेली लहान बेडरूम सावलीतल्या मोठ्या बेडरूमपेक्षा जास्त वारा मागते. वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब तापतो, तो वेगळाच. प्रत्येक खोलीचा हीट लोड (खोलीत किती उष्णता येते त्याचा हिशोब) काढून घ्या आणि त्या प्रमाणात वाटा. समजा असं आलं:

हॉल-डायनिंग ६५०, मोठी बेडरूम ३००, लहान बेडरूम २५०.

हे तीन आकडे लिहून ठेवा. पुढचं सगळं काम यांच्याशीच ताडून बघायचं आहे. डक्टवाल्याला ‘नेहमीसारखं करा’ सांगितलंत तर तो नेहमीसारखंच करेल.

## टप्पा २: स्टॅटिकचा हिशोब

पंखा वारा ढकलतो, आणि फिल्टर, ग्रिल, डक्ट, वळणं, डॅम्पर (वारा कमी-जास्त करायची डक्टमधली झडप) सगळे त्याला अडवतात. या अडवणुकीची बेरीज म्हणजे एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर, पास्कलमध्ये. जुने लोक मिलिमीटर किंवा इंच पाण्यात बोलतात: १ मिमी म्हणजे साधारण १० पास्कल, १ इंच म्हणजे सुमारे २५०.

युनिटच्या कॅटलॉगमध्ये सीएफएमच्या शेजारी स्टॅटिक लिहिलेलं असतं. ते दोन्ही मिळूनच खरे. ‘१२०० सीएफएम’ हे ३० पास्कलला असेल आणि तुमचं डक्टिंग ७० मागत असेल, तर १२०० कधीच मिळणार नाही. कमी उंचीची, पातळ कन्सील्ड युनिटं बरीचशी कमी स्टॅटिकची असतात. ती एका खोलीसाठी, दोन-चार फुटांच्या डक्टसाठी चांगली. तीन खोल्यांना वारा न्यायचा असेल तर मध्यम किंवा जास्त स्टॅटिकचं मॉडेल मागा. इंटिरिअरवाल्याला सीलिंग दोन इंच वर हवं असतं म्हणून पातळ युनिट घेतलं जातं, आणि मग दहा वर्षं घरचे लोक घाम पुसतात.

सप्लाय म्हणजे खोलीकडे जाणारा वारा, रिटर्न म्हणजे युनिटकडे परत येणारा, प्लेनम म्हणजे युनिटला जोडलेली पत्र्याची पेटी, फाटा म्हणजे एकेका खोलीकडे वळणारं डक्ट. उदाहरणादाखल आपल्या घराची बेरीज: फिल्टर २०, रिटर्न ग्रिल ८, रिटर्न प्लेनम ६, सप्लाय प्लेनम आणि मुख्य डक्ट १५, सगळ्यात लांबच्या फाट्याची वळणं आणि डॅम्पर १५, सप्लाय ग्रिल ८. एकूण ७२ पास्कल. फक्त सगळ्यात अवघड वाटेचीच बेरीज करायची, सगळ्या फाट्यांची नाही.

तपासा: कॅटलॉगमधलं स्टॅटिक फिल्टर धरून आहे की न धरता, हे कंपनीला विचारा. सोबत येणारी धुण्याची जाळी धरलेली असू शकते. तुम्ही नंतर हौसेने बसवलेला जाड फिल्टर नक्कीच धरलेला नसतो.

## टप्पा ३: रिटर्नची वाट

सप्लायबद्दल सगळे बोलतात. रिटर्न कुठून येणार हे बहुतेक साइटवर शेवटी आठवतं. आत जेवढा वारा परत येईल तेवढाच पुढे जाईल.

ग्रिलचं माप. रिटर्न ग्रिलवर वाऱ्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या आसपास ठेवा. १२०० भागिले ३०० म्हणजे ४ चौरस फूट. पण ही मोकळी जागा झाली. पट्ट्या जागा खातात. ग्रिलची ७० टक्के जागा मोकळी धरली तर साधारण ८२० चौरस इंच ग्रिल लागते, म्हणजे २४ × १८ इंचांच्या दोन. साइटवर याच्या जागी १८ × १२ ची एकच ग्रिल दिसते, आणि मग मालक ‘एसीचा आवाज फार येतो’ म्हणून युनिट बदलायला निघतात.

सीलिंगची पोकळी म्हणजे रिटर्न डक्ट नव्हे. युनिटचं मागचं तोंड उघडं ठेवून वरच्या पोकळीतूनच हवा ओढायची, ही इथली सर्रास पद्धत. पैसे वाचतात खरे. पण पॅसेजची पोकळी शेजारच्या टॉयलेटच्या पोकळीला जोडलेली असते, तिथे पाइपांच्या भोवती फटी असतात, वर भिंतीला प्लास्टर नसतं. वास, सिमेंटची धूळ आणि गरम हवा सगळं थेट कॉइलवर येतं. ग्रिलपासून युनिटपर्यंत पत्र्याचा बंद प्लेनम करून घ्या. फिल्टर ग्रिलपाशी ठेवला तर काढायला सोपा जातो.

बंद दाराची बेडरूम. बेडरूममध्ये ३०० सीएफएम सोडले आणि दार लावलं, तर ते परत कुठून जाणार? दाराखाली फट आहे ना, असं म्हणतात. ३६ इंची दाराखालची १० मिमी फट म्हणजे जेमतेम १४ चौरस इंच, लागतात १४४. दहावा हिस्साही नाही. खोली फुगते, सप्लाय कमी होतो आणि हॉलमध्ये खिडक्यांच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. उपाय तीन: बेडरूमला स्वतःचं रिटर्न डक्ट, दारावरच्या भिंतीत ट्रान्सफर ग्रिल, किंवा दारातच ग्रिल.

सावधान: मिव्हान पद्धतीच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या) इमारतींत भिंतीही आरसीसीच्या असतात. तिथे ग्रिलसाठी भोक पाडायचं नाही. बीमला कोअर (यंत्राने आरपार गोल भोक) मारायचा प्रश्नच येत नाही. ‘सहा इंचांचं तर आहे’ म्हणणाऱ्या फिटरला जिन्यावरूनच परत पाठवा. बीम आडवा येत असेल तर डक्ट त्याखालून जाईल किंवा युनिटची जागा बदलेल.

## टप्पा ४: युनिट टांगणं आणि ड्रेन

अँकर फास्टनर स्लॅबमध्येच मारा, हलक्या ब्लॉकच्या भिंतीत नाही. नव्या टॉवरमध्ये पोस्ट-टेन्शन स्लॅब असू शकतो. आतल्या ताणलेल्या केबलवर ड्रिल गेलं तर प्रकरण गंभीर आहे, म्हणून बिल्डरचं ड्रॉइंग पाहिल्याशिवाय भोक नाही. थ्रेडेड रॉडवर दोन नट आणि रबर पॅड घ्या. युनिट आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा जोड हवा, नाहीतर पंख्याची थरथर पत्र्यातून बेडरूममध्ये पोचते. कॅनव्हास सैल लोंबकळता ठेवू नका. आत ओढला गेला की तोच वारा अडवतो.

लेव्हल बाटली लावून बघा. मॅन्युअलमध्ये ड्रेनच्या बाजूला किंचित उतार सांगितला असेल तर तेवढाच द्या.

ड्रेन पाइपला मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार हवा. आता एक गोष्ट मॅन्युअलच्या चित्रात बघा: पंखा कॉइलच्या आधी आहे की नंतर. पंखा कॉइलनंतर असेल तर ड्रेन पॅनपाशी ओढ असते आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी आत अडून राहतं. एसी बंद केला की एकदम सुटतं, कधी पॅनवरून ओसंडतं. ‘बंद केल्यावर गळतं’ या तक्रारीचं हे एक मोठं कारण. तिथे यू-ट्रॅप (पाणी धरून ठेवणारं U आकाराचं वळण) हवाच. १०० पास्कल ओढ म्हणजे १० मिमी पाणी, म्हणून ५० मिमीचा ट्रॅप पुष्कळ होतो. ड्रेन बाथरूमच्या पाइपला ट्रॅपशिवाय जोडला तर गटाराचा वास घरभर फिरतो.

तपासा: पॅनमध्ये दोन लिटर पाणी ओता. पंखा चालू आणि पंखा बंद, दोन्ही वेळा पूर्ण निघून गेलं पाहिजे.

## टप्पा ५: डक्ट

मापं अशी निघतात. मुख्य डक्टमध्ये वेग मिनिटाला ८०० फुटांपर्यंत: १२०० भागिले ८०० म्हणजे दीड चौरस फूट, म्हणजे २४ × ९ इंच. हॉलचा फाटा ७०० च्या वेगाला १५ × ९. बेडरूमचे ६०० ला धरा, रात्री आवाज नको: मोठ्या बेडरूमला १२ × ६, लहानीला १० × ६. या मापांच्या डक्टला २४ गेजचा जीआय पत्रा चालतो.

९ इंची डक्ट, वर-खाली १९ मिमी इन्सुलेशन, त्याखाली सीलिंगची फ्रेम: सीलिंग स्लॅबपासून निदान १२-१३ इंच खाली येणार. हे इंटिरिअरवाल्याला पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर सांगितलं की तो डक्ट ६ इंचांचं करायला लावतो आणि तुमचा टप्पा २ चा हिशोब कचऱ्यात जातो.

वळण गोलाईने घ्या. काटकोन टाळता येत नसेल तर आत टर्निंग व्हेन (वारा वळवणाऱ्या वाकड्या पट्ट्या) बसवा. फ्लेक्सिबल डक्ट (वाकणारा मऊ नळ, म्हणजे फ्लेक्स) फक्त शेवटच्या मीटर-दीड मीटरला, तेही ताणून. बीमखाली दाबून बसवलेला फ्लेक्स म्हणजे पाय पडलेला पाण्याचा पाइप. डॅम्पर फाट्याच्या सुरुवातीला हवा, ग्रिलच्या मागे नाही. ग्रिलपाशी आवळलेला डॅम्पर शिट्टी वाजवतो.

जोडांना गॅस्केट आणि सीलंट. वरून ॲल्युमिनियम टेप. इन्सुलेशन नंतर. आधी पंखा चालू करून प्रत्येक जोडाजवळून उदबत्ती फिरवा. धूर हलला तिथे गळती आहे. इन्सुलेशन चढल्यावर ती सापडत नाही.

मग सप्लायला १९ मिमी नायट्रिल रबर, पूर्ण चिकटवून. कॉलर (ग्रिल बसते ते डक्टचं तोंड), फ्लँज (डक्टच्या जोडाची कड) आणि हँगरपाशी उघडा पत्रा राहिला की जूनमध्ये तिथेच घाम सुटतो. पीओपीवरचे पिवळे डाग बरेचदा गळतीचे नसतात, या घामाचे असतात.

## टप्पा ६: पंख्याचं सेटिंग

एमसीबी बंद करूनच इलेक्ट्रिकल बॉक्स उघडायचा. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. हे काम इलेक्ट्रिशियनला द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

साध्या मोटरमध्ये हाय, मीडियम, लो अशा वेगवेगळ्या वायरी असतात. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून पॅनलवरचा आराखडाच खरा. न वापरलेली प्रत्येक वायर स्वतंत्र टेप करा. दोन वेगांच्या वायरी एकत्र जोडल्या तर मोटर जळते.

बीएलडीसी मोटरच्या (ब्रशशिवायची डीसी मोटर, जिचा वेग हवा तसा बदलतो) युनिटमध्ये स्टॅटिक सेटिंग असतं, वायरवाल्या रिमोटच्या इन्स्टॉलर मेनूत किंवा सर्किट बोर्डवरच्या डिप स्विचवर (छोट्या खटक्यांच्या पट्टीवर). फॅक्टरीतून ते बहुधा कमी किंवा मधल्या स्टॅटिकला येतं आणि कोणी हात लावत नाही. आपली बेरीज ७२ होती, तर तिच्या लगतची वरची पायरी निवडा. काही मॉडेल स्वतः वारा जुळवून घेतात. ते चालवताना कॉइल कोरडी, फिल्टर जागेवर आणि सगळे डॅम्पर उघडे असले पाहिजेत. कूलिंग चालवून झाल्यावर लगेच ते केलंत तर चुकीचा आकडा कायमचा बसतो.

उगाच सगळ्यात वरची पायरी देऊ नका. कॉइलवर वेग फार वाढला की पाण्याचे थेंब उडून डक्टमध्ये जातात, आणि दमटपणा कमी ओढला जातो.

थ्री-फेज ब्लोअर असेल तर फिरण्याची दिशा डोळ्यांनी बघा. हा पंखा उलटा फिरला तरी वारा पुढेच फेकतो, फक्त फारच कमी. त्यामुळे ‘वारा येतोय ना’ एवढ्यावर कोणाला शंका येत नाही. दोन फेज बदलले की काम झालं.

## टप्पा ७: मोजणी, बोर्ड लागण्याआधी

ही मोजणी फक्त फॅन मोडवर होते. उन्हाळ्याची वाट बघायची गरज नाही. डिसेंबरातही अचूक येते. फिल्टर जागेवर, डॅम्पर सगळे उघडे.

दाब. मॅनोमीटरची (दाब मोजायच्या यंत्राची) एक नळी फिल्टर आणि युनिट यांच्या मध्ये, दुसरी युनिटनंतरच्या प्लेनममध्ये. भोक पाडताना कॉइल कुठे आहे ते आधी बघा. समजा मागे उणे ३५ आणि पुढे अधिक ३७ आले. चिन्हं सोडून बेरीज करायची: ७२. वजाबाकी करून ‘फक्त २ पास्कल’ सांगणारे भेटतात. (कॅटलॉगमध्ये फिल्टर आतच धरला असेल तर मागची नळी फिल्टरच्या आधी घ्या.)

आकडे बोलतात ते असं:

- मागची ओढ जास्त: रिटर्न ग्रिल लहान किंवा फिल्टर चोंदलेला.
- पुढचा दाब जास्त: डॅम्पर बंद, फ्लेक्स दबलेला, किंवा डक्टमध्ये विसरलेलं प्लास्टिक.
- दोन्ही कमी आणि वाराही कमी: पंख्याचा वेग कमी, दिशा उलटी, किंवा पंख्याच्या पात्यांवर धूळ.
- पुढचा दाब कमी, युनिटमधून वारा भरपूर पण ग्रिलला नाही: सप्लायमध्ये गळती.

वारा. प्रत्येक कॉलरच्या तोंडावर ॲनिमोमीटरने (वाऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राने) निदान नऊ ठिकाणी वेग घ्या, सरासरी काढा, क्षेत्रफळाने गुणा. हॉलच्या १५ × ९ कॉलरचं क्षेत्रफळ ०.९४ चौरस फूट. सरासरी ६९० आली तर सुमारे ६५० सीएफएम. मधोमध एकच आकडा घेऊन गुणलं तर उत्तर फुगलेलं येतं.

मीटर नसेल तर कचऱ्याची मोठी पिशवी आणि मोबाइल. १२० लिटरची पिशवी चपटी करून तोंड कॉलरवर धरा, भरेपर्यंतचा स्लो-मोशन व्हिडिओ काढा. दीड सेकंदात भरली तर सेकंदाला ८० लिटर, म्हणजे सुमारे १७० सीएफएम. ढोबळ आहे, पण कुठल्या खोलीला काय मिळतंय हे कळायला पुरतं.

सावधान: पीओपी घासण्याचं काम सुरू असताना युनिट चालवू नका. ती भुकटी ओल्या कॉइलवर बसली की निघत नाही. मोजणी संपली की सगळ्या कॉलरला प्लास्टिक बांधा, आणि किती बांधले ते भिंतीवर लिहा.

## टप्पा ८: बोर्ड, ट्रॅपडोअर, मग बॅलन्सिंग

बोर्ड लावताना प्रत्येक डॅम्परखाली हात जाईल एवढी झडप आणि युनिटखाली मोटर बाहेर निघेल एवढा ट्रॅपडोअर. ‘सीलिंगचा लूक बिघडतो’ यावर वाद होणारच. हा वाद तुम्ही जिंका.

ग्रिल बसल्यावर खरं बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक खोलीचा वारा ठरलेल्या वाटणीला आणणं. समजा सगळं उघडं असताना हॉल ७२०, मोठी बेडरूम २७०, लहान १८० आले. ठरलेल्या आकड्यांशी टक्केवारी काढा: १११, ९०, ७२.

१. लहान बेडरूम सगळ्यात मागे. आधी तिच्या फाट्यात काही अडकलंय का, दबलंय का ते बघा. काही नसेल तर तिचा डॅम्पर पूर्ण उघडाच राहील, त्याला हात लावायचा नाही.
२. मोठ्या बेडरूमचा डॅम्पर थोडा आवळा, दोन्ही बेडरूमची टक्केवारी सारखी होईपर्यंत.
३. आता हॉल आवळा. हॉल कमी होताना बेडरूम दोन्ही वाढतात. तिन्ही टक्केवाऱ्या जवळ आल्या की थांबा.
४. डॅम्पर आवळल्याने एकूण वारा थोडा घटलेला असेल. आता, आणि आताच, पंख्याची पायरी एकने वाढवा.
५. पुन्हा मोजा. ठरलेल्या आकड्याच्या १० टक्के इकडेतिकडे चालतं.

नेहमीची चूक म्हणजे कमी वारा येणाऱ्या खोलीसाठी थेट पंखा वाढवणं. त्याने तिन्ही खोल्या वाढतात, प्रमाण तसंच राहतं आणि हॉलमध्ये बसवत नाही.

डॅम्परच्या दांड्यावर मार्करने रेघ मारा आणि नट घट्ट करा.

तपासा: बेडरूमचं दार लावून दाराखालून मॅनोमीटरची नळी सरकवा. आत-बाहेर फरक ३ पास्कलहून जास्त असेल तर रिटर्नची वाट अजून अपुरी आहे.

## टप्पा ९: कूलिंगवर शेवटची खात्री

२४ अंशांवर लावून अर्धा तास चालवा. रिटर्न ग्रिलचं आणि युनिटपासून मीटरभर पुढच्या सप्लायचं तापमान घ्या. फरक ८ ते १२ अंश सेल्सिअस अपेक्षित. १४ च्या वर गेला तर वारा कमी आहे, कॉइल गोठायची वाट बघू नका. ६ च्या खाली असेल तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नका: दमट दिवशी पहिला तासभर फरक कमीच दिसतो, आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मंद चालत असला तरीही.

ट्रॅपडोअरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: तारीख, पंख्याचं सेटिंग, मागचा-पुढचा दाब, तिन्ही खोल्यांचे सीएफएम, तापमानातला फरक. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंग कमी वाटलं आणि कोणी गॅसची नळी घेऊन आलं, तर आधी फिल्टर धुवा, मग त्याला हे आकडे पुन्हा मोजायला सांगा. मागची ओढ ३५ वरून ६० वर गेली असेल तर गॅसच्या सिलिंडरला हात लावू देऊ नका. रिटर्नच्या बाजूला काहीतरी चोंदलं आहे.